राजाच्या हाती रिकामा भोपळा: योरुबा आणि हौसा राज्यं इंग्रजांच्या अमलात कशी बदलली

ओयोच्या राजाला हटवायचं ठरलं की त्याच्याशी भांडायला कोणी जात नसे. वाळवून कोरलेला एक भोपळा, वर झाकण घालून, त्याच्याकडे पाठवला जायचा. झाकण काढलं की आत काहीच नसायचं. कधी भोपळ्याऐवजी पोपटाची अंडी यायची. अर्थ एकच: देवांनी तुला नाकारलं, लोकांनी नाकारलं, भूमीनंही नाकारलं. मग राजाने आपल्या हाताने विष घ्यायचं, अशी रीत होती.

आपल्याकडे हाती भोपळा आला म्हणजे काहीच मिळालं नाही. ओयोत हाती भोपळा आला म्हणजे होतं नव्हतं ते सगळं गेलं.

ही रीत आधी नीट समजून घेतली पाहिजे, कारण पश्चिम आफ्रिकेतल्या इंग्रजी राजवटीबद्दल एक वाक्य सगळीकडे सापडतं: इंग्रजांनी तिथले राजे तसेच ठेवले आणि त्यांच्यामार्फत कारभार केला. राजे ठेवले हे खरं. राजाला आवरणारी माणसं आणि रीती मात्र त्यांनी निकामी केल्या, आणि पुढची बरीचशी भांडणं तिथून सुरू झाली. म्हणून इथे प्रत्येक राज्याला एकच प्रश्न विचारायचा आहे: राजाला गादीवरून कोण उतरवू शकत होतं?

जागा आधी डोळ्यांसमोर आणू. आजच्या नायजेरियाच्या नैर्ऋत्येला योरुबा लोकांचा मुलूख. समुद्राकडे दाट जंगल, वर जाल तसं विरळ होत जाणारं. उत्तरेला गवताळ, कोरडा, मोकळा हौसा मुलूख, ज्याच्या पलीकडे सहारा. 'योरुबा' हे नाव मुळात हौसांनी फक्त ओयोच्या लोकांसाठी वापरलेलं. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी ते एकच भाषा बोलणाऱ्या सगळ्यांना लावलं. त्याआधी माणूस स्वतःला ओयोचा, एग्बा, इजेबू, इजेशा, एकिती असं सांगायचा. योरुबांचं एक राज्य कधीच नव्हतं. अनेक नगरं, प्रत्येकाचा आपला राजा. राजाला 'ओबा' म्हणतात, आणि ज्याला चेहऱ्यावर मण्यांच्या माळा सोडणारा मुकुट घालायचा हक्क आहे तो आपली वंशावळ इले-इफे या नगरापर्यंत आणि तिथल्या ओदुदुवा या आद्यपुरुषापर्यंत नेतो. इफेमध्ये बाराव्या ते पंधराव्या शतकांच्या दरम्यान घडवलेली पितळी आणि तांब्याची मुखं सापडली आहेत. त्यातली बरीचशी १९३८ मध्ये घराचा पाया खणताना निघाली. ओठांच्या कडा, डोळ्यांच्या पापण्या इतक्या बारकाईने केलेल्या आहेत की ही मुखं आफ्रिकन कारागिरांची असूच शकत नाहीत, असं काही युरोपीय अभ्यासक बराच काळ म्हणत राहिले. ते साफ चूक होतं.

ओयोची यंत्रणा

या सगळ्या नगरांत सतराव्या-अठराव्या शतकांत सर्वांत मोठं झालं ते ओयो. राजाची पदवी 'आलाफिन', म्हणजे वाड्याचा धनी. तो क्वचितच लोकांसमोर यायचा. त्याच्यासमोर सात घराण्यांच्या प्रमुखांचं मंडळ असायचं, 'ओयो मेसी'. त्यांचा मुख्य तो 'बाशोरुन'. नवा राजा हेच सात जण निवडायचे आणि भोपळा पाठवायचा निर्णयही त्यांचाच.

इतका अधिकार सातांच्या हाती दिला तर ते राजाला खेळणं बनवतील, ही भीती होतीच. त्यावर तीन उपाय होते. पहिला, राजा मेला की या सातांपैकी एकाला त्याच्याबरोबर मरावं लागे, म्हणजे भोपळा पाठवणं स्वस्त नव्हतं. दुसरा, 'ओगबोनी' नावाचं वडीलधाऱ्यांचं मंडळ, जे भूमीची पूजा करायचं. रक्त सांडण्याचे खटले त्यांच्यासमोर यायचे आणि ओयो मेसीच्या निर्णयांना त्यांची संमती लागायची. तिसरा, राजाचा थोरला मुलगा वडिलांबरोबर कारभार पाहायचा, पण वडील गेले की त्यालाही मरावं लागे. बापाला लवकर संपवून गादी घेण्यात त्याचा काहीच फायदा उरत नसे. हे क्रूर आहे. पण यात एक हिशेब आहे, आणि तो असा की सत्ता जवळ असणाऱ्या प्रत्येकाला ती वापरण्याची किंमत मोजावी लागेल.

सैन्याचा सेनापती, 'आरे ओना काकांफो', राजधानीत राहू शकत नसे. त्याने लढाई जिंकून परतायचं, नाहीतर जीव द्यायचा. जिंकलेल्या गावांवर राजाचा माणूस बसायचा, 'अजेले'. राजाचा निरोप घेऊन जाणारे 'इलारी' अर्ध्या डोक्याचं मुंडण करायचे, त्यामुळे रस्त्यात कोणीही ओळखे की हा वाड्यावरचा माणूस आहे. पश्चिमेचं शेजारी दाहोमीचं राज्य अठराव्या शतकात ओयोला दरवर्षी खंडणी भरत होतं.

ओयोचं बळ घोडदळात होतं आणि कमजोरीही तिथेच होती. दमट जंगलात त्से-त्से माशी असते. ती चावली की घोड्याला रोग होतो आणि तो मरतो. त्यामुळे घोडे उत्तरेकडून, हौसा व्यापाऱ्यांकडून पुन्हा पुन्हा विकत घ्यावे लागत आणि जंगलात खोलवर सैन्य नेता येत नसे. घोड्यांची किंमत मोठ्या प्रमाणात गुलाम विकून चुकवली जायची. किनाऱ्यावर युरोपीय जहाजं उभी असत, तीही गुलामांसाठीच. ओयोच्या वैभवातला हा भाग झाकून ठेवण्याजोगा नाही.

आणि यंत्रणा बिघडायचीही. गाहा नावाचा बाशोरुन १७५४ ते १७७४ अशी वीस वर्षं इतका बलाढ्य झाला की त्याने एकामागून एक चार राजांना मरण पत्करायला लावलं. पाचव्याने, आबिओदुनने, प्रांतातल्या सरदारांना हाताशी धरून त्याला संपवलं. राजाला आवरणाऱ्यालाच आवरणारं कोणी उरलं नाही की काय होतं, ते ओयोने तेव्हा पाहिलं. त्यानंतर समतोल पूर्ववत झालाच नाही. १७९६ च्या सुमारास आवोले या राजाला रिकामा भोपळा मिळाला. परंपरा सांगते की मरण्याआधी त्याने बाण सोडले आणि ज्या दिशांना बाण गेले त्या दिशांना आपली प्रजा गुलाम म्हणून जाईल असा शाप दिला. मग मातीची थाळी जमिनीवर आपटून फोडली. भोपळा फुटला तर शिवता येतो, थाळी फुटली की फुटली.

कवडीचा हिशेब

मराठीत आज कवडी उरली आहे ती 'कवडीमोल', 'फुटकी कवडी', 'कवडीचुंबक' अशा शब्दांत. ओयोत आणि उत्तरेतल्या कानो या हौसा शहरात तिच्यावर बाजार चालायचा. कवड्या मालदीवच्या समुद्रातल्या. तिथून त्या बंगाल-ओरिसाच्या किनाऱ्यावर, तिथून युरोपीय जहाजांच्या तळाशी वजन म्हणून भरून युरोपात आणि पुढे पश्चिम आफ्रिकेत. इंग्रजीतला 'काउरी' हा शब्दही हिंदुस्थानी 'कौडी'वरूनच गेला.

योरुबा बाजारात कवड्या भोक पाडून दोऱ्यात ओवायचे. ४० कवड्यांची एक माळ. ५० माळांचं एक 'डोकं', म्हणजे २,००० कवड्या. दहा डोक्यांची एक गोणी, २०,००० कवड्या. वजन वीस-पंचवीस किलो, म्हणजे एका माणसाच्या डोक्यावरचं ओझं. हौसा बाजारात न ओवता पाच-पाचच्या ढिगांनी मोजत. हौसा भाषेत पैशाला आजही 'कुडी' म्हणतात, आणि तो शब्द कवडी या अर्थाच्या 'वुरी'चं अनेकवचन आहे.

हाइनरिश बार्थ हा जर्मन प्रवासी १८५१ मध्ये कानोत होता. त्याने लिहून ठेवलेला भाव: चांदीच्या एका डॉलरला २,५०० कवड्या. एक कुटुंब वर्षभर, कपड्यांसकट, ५० ते ६० हजार कवड्यांत नीट राहतं. आणि कानोहून बाहेर जाणाऱ्या कापडाची वर्षाची किंमत सुमारे ३० कोटी कवड्या. हे आकडे मनात ठेवा, पुढे एका राजाचं पेन्शन याच मापाने मोजायचं आहे.

हौसा नगरं

हौसांची मूळ राज्यं सात: दौरा, कानो, कात्सिना, झाझाऊ (म्हणजे झारिया), गोबिर, रानो, बिराम. कथा अशी की बायाजिद्दा नावाचा परका वीर दौऱ्याला आला, तिथल्या विहिरीतला साप त्याने मारला, राणीने त्याच्याशी लग्न केलं आणि त्यांच्या वंशजांनी ही राज्यं स्थापली. कुसुगू नावाची ती विहीर दौऱ्यात आजही दाखवतात.

प्रत्येक राज्याचं हृदय म्हणजे तटबंदी केलेलं शहर, 'बिरनी'. कानोचा मातीचा तट बाराव्या शतकात सुरू झाला. १४६३ ते १४९९ राज्य केलेल्या मुहम्मद रुम्फाने तो वाढवला, नवा वाडा बांधला, कुर्मी बाजार वसवला आणि नऊ अधिकाऱ्यांचं मंडळ नेमलं, 'तारा ता कानो', कानोचे नऊ. अष्टप्रधान ठाऊक असणाऱ्या मराठी वाचकाला हा विचार परका वाटणार नाही. अल-मघिली या उत्तर आफ्रिकेतल्या विद्वानाने रुम्फासाठी राजाने कसं वागावं यावर लेखन केलं. म्हणजे पंधराव्या शतकात इथे लिहिता-वाचता कारभार होता, कर होते, काझी होते. हौसात काझीला 'अल्काली' म्हणतात.

तटाच्या आत शेतंही असत. वेढा पडला तर शहराने महिनोन् महिने तग धरावा म्हणून ती जागा मुद्दाम मोकळी ठेवलेली. आणि एका वेशीजवळ, कोफर माता इथे, निळीचे खड्डे. काही खड्डे सहा मीटर खोल. पाण्यात नीळ, राख आणि खार घालून काही दिवस आंबवायचं. कापड बुडवून वर काढलं की आधी हिरवट दिसतं, हवा लागली की निळं होत जातं. जितका गडद रंग हवा तितक्या वेळा बुडवायचं. मग वाळलेलं कापड लाकडी दांडक्यांनी ठोकत राहायचं, इतकं की त्याला धातूसारखी चकाकी येते. सहारातले तुआरेग आपल्या डोक्याला गुंडाळतात ते कापड हेच. मोरोक्कोचं चामडं म्हणून युरोपात विकलं जाणारं लाल चामडंही मोठ्या प्रमाणात हौसा शहरांतलं, फक्त उंटांच्या काफिल्याने उत्तरेच्या बंदरात पोचल्यावर त्याचं नाव बदलायचं.

या राजांना, म्हणजे 'सार्की'ना, कोण आवरायचं? दरबारी, राजघराण्याच्या दुसऱ्या शाखा, आणि विद्वान. शिवाय एक साधी गोष्ट: जमीन मुबलक होती. जाच वाढला की शेतकरी उठून दुसऱ्या राजाच्या हद्दीत जात. पण अठराव्या शतकाच्या शेवटी राजांच्या आपसातल्या लढाया आणि त्यासाठीचे कर फार वाढले. उस्मान दान फोदियो, १७५४ मध्ये गोबिरमध्ये जन्मलेला, फुलानी या मूळच्या गुराखी जमातीतला विद्वान, गावोगाव फिरून शिकवत होता. त्याच्या तक्रारींची यादी नेमकी आहे: मुसलमानांनाच पकडून गुलाम केलं जातं, न्यायात लाच चालते, आणि शरियतमध्ये नसलेले कर घेतले जातात. त्याने करांची नावंही दिली आहेत. 'कुर्दिन गारी', 'कुर्दिन सल्ला', आणि गुराख्यांकडून घेतला जाणारा 'जांगाली'. हे शेवटचं नाव पुन्हा येईल.

१८०४ च्या फेब्रुवारीत तो आपल्या माणसांसह देगेल हे आपलं गाव सोडून गुदूला गेला आणि जिहाद पुकारला. १८०८ मध्ये गोबिरची राजधानी अल्कालावा पडली, राजा युन्फा मारला गेला. १८०९ मध्ये त्याचा मुलगा मुहम्मद बेल्लोने सोकोतो वसवलं. पद्धत अशी होती: दान फोदियो एखाद्या भागातल्या विश्वासू माणसाला निशाण द्यायचा, तो तिथल्या सार्कीला हरवून अमीर व्हायचा. अशा जवळपास तीस अमिराती सोकोतोच्या सुलतानाखाली आल्या. दान फोदियोची मुलगी नाना अस्माऊ फुलानी, हौसा आणि अरबी अशा तिन्ही भाषांत काव्य लिहायची आणि तिने खेड्यातल्या बायकांना शिकवण्यासाठी फिरत्या शिक्षिकांची पद्धत सुरू केली. दुसरीकडे, हेच राज्य एकोणिसाव्या शतकातल्या जगातल्या सर्वांत मोठ्या गुलाम बाळगणाऱ्या राज्यांपैकी एक झालं. लाखो माणसं मळ्यांवर आणि घरांत गुलाम होती. स्वतंत्र मुसलमानांना गुलाम करू नये म्हणून सुरू झालेल्या चळवळीने इतरांच्या गुलामीला हात लावला नाही.

अमीराला हटवण्याचा अधिकार सुलतानाचा. पण तोही अमर्याद नव्हता. झारियात तीन-चार घराणी आळीपाळीने गादीवर येत. कानोत १८९३ मध्ये सुलतानाने तुकुरला अमीर केलं, आणि शहराचा ओढा दुसऱ्या शाखेच्या युसुफकडे होता. लढाई झाली. युसुफ त्यात गेला, पण त्याच्या बाजूच्या अलियूने १८९४ मध्ये कानो घेतलं आणि सोकोतोला ते मान्य करावं लागलं.

योरुबा मुलूख विस्कटतो

आवोलेविरुद्ध उठलेल्यांत आफोंजा होता, ओयोचा काकांफो. त्याचं ठाणं इलोरिन. स्वतःचं राज्य उभं करायला त्याने फुलानी मौलवी अलिमीची आणि पळून आलेल्या हौसा गुलामांची मदत घेतली. १८२३-२४ च्या सुमारास त्याच सैन्याने त्याला मारलं आणि इलोरिन सोकोतोची अमिरात झाली. योरुबा भाषा बोलणाऱ्या त्या शहरात आजही ओबा नाही, अमीर आहे. १८३६ च्या सुमारास जुनं ओयो ओस पडलं आणि आलाफिन दक्षिणेला आजच्या ओयोत आला.

निर्वासितांनी नवी शहरं उभारली. १८३० मध्ये ओलुमो खडकाच्या आडोशाला एग्बांचं आबेओकुता. त्याच सुमारास इबादान, एक लष्करी छावणी जी पुढे सर्वांत मोठं शहर झाली. इबादानचं वेगळेपण समजून घ्यायला हवं: तिथे राजघराणंच नव्हतं. मुलकी आणि लष्करी अशा पदांच्या दोन शिड्या होत्या आणि माणूस एकेक पायरी चढत वर जायचा. कोणाच्या पोटी जन्मला यापेक्षा किती माणसं पदरी आहेत हे मोलाचं.

मग जवळजवळ सत्तर वर्षं लढाया. शेवटची मोठी, किरिजीची, १८७७ मध्ये सुरू झाली: एका बाजूला इबादान, दुसऱ्या बाजूला एकिती आणि इजेशा यांची युती. तोफेच्या आवाजावरून तिला 'किरिजी' नाव पडलं. या काळात पकडलेल्यांत ओसोगुनचा अजायी नावाचा मुलगाही होता. १८२१ मध्ये पकडला गेला, पुढच्या वर्षी इंग्रज आरमाराने जहाजावरून सोडवून सिएरा लिओनला नेला, आणि १८६४ मध्ये तोच सॅम्युअल अजायी क्राउथर आफ्रिकेतला पहिला काळा अँग्लिकन बिशप झाला. बायबल योरुबात आणणारा आणि त्यासाठी भाषेचं व्याकरण बसवणारा हाच माणूस.

इंग्रज आत येतात

१८५१ च्या डिसेंबरात इंग्रज आरमाराने किनाऱ्यावरच्या लागोस या योरुबा शहरावर तोफा डागल्या. कारण सांगितलं गेलं गुलामांचा व्यापार बंद करण्याचं, आणि ते खोटं नव्हतं, पण पामतेलाचा व्यापारही त्यांना हवा होता. १८६१ च्या ६ ऑगस्टला राजा दोसुन्मूकडून शहरच लिहून घेतलं. बदल्यात वर्षाला १,२०० गोण्या कवड्यांचं पेन्शन. वरचा हिशेब लावा: २ कोटी ४० लाख कवड्या, साधारण सत्तावीस टन. राजा आता पगारी झाला होता, आणि पगार कोण देतं ते सर्वांना दिसत होतं.

आत जायला आणखी तीस वर्षं लागली. १८९२ मध्ये व्यापारी रस्ते अडवणाऱ्या इजेबूंवर स्वारी झाली. इजेबूंचं सैन्य संख्येने कितीतरी मोठं होतं, पण समोर मॅक्झिम मशीनगन होत्या. ही बातमी पोचल्यावर १८९३ मध्ये ओयो, आबेओकुता आणि इबादानने तह केले आणि किरिजीच्या छावण्या उठल्या. आबेओकुताचं स्वातंत्र्य कागदावर मान्य केलं गेलं. ओयोवर १८९५ मध्ये तरीही तोफा चालल्या.

उत्तरेत आधी कंपनी आली. रॉयल नायजर कंपनीला १८८६ मध्ये सनद मिळाली होती. १९०० च्या १ जानेवारीला इंग्लंडच्या सरकारने ८,६५,००० पौंड देऊन तिचा अधिकार स्वतःकडे घेतला आणि फ्रेडरिक लुगार्डला हाय कमिशनर नेमलं. लुगार्डचा जन्म १८५८ मध्ये मद्रासचा, आणि उमेदवारीची वर्षं हिंदुस्थानी लष्करातली.

१९०३ च्या फेब्रुवारीत त्याचं सैन्य कानोसमोर उभं राहिलं. घेर ११ मैल, १३ वेशी, उंची ३० ते ५० फूट, पायाशी जाडी ४० फूट, पुढे खंदक. तोफा नसत्या तर हा तट कोणालाही पुरून उरला असता. तोफेने एका लहान वेशीजवळ खिंडार पाडलं आणि शहर त्याच दिवशी गेलं. अमीर अलियू सोकोतोला गेलेला होता. १५ मार्चला सोकोतो पडलं. सुलतान अत्ताहिरू हजारो लोकांसह पूर्वेकडे निघाला आणि २७ जुलैला बुर्मीच्या लढाईत मारला गेला.

२१ मार्चला लुगार्डने नवा सुलतान बसवला आणि त्या वेळच्या भाषणात आपला हक्क उघड सांगितला. फुलानींनी जिंकून राजे बनवायचा आणि उतरवायचा अधिकार मिळवला होता. ते हरले, म्हणून तो अधिकार आता इंग्रजांचा. यापुढे प्रत्येक सुलतान आणि अमीर हाय कमिशनर नेमेल. धर्मात ढवळाढवळ होणार नाही.

'अप्रत्यक्ष राज्य' चालायचं कसं

साताऱ्याचं उदाहरण आपल्या घरचं आहे. १८१८ नंतर इंग्रजांनी प्रतापसिंहांना गादीवर बसवलं, शेजारी रेसिडेंट ठेवला, आणि १८३९ मध्ये त्यांनीच त्यांना उतरवून भावाला बसवलं. छत्र, चामर, दरबार सगळं जागच्या जागी. संस्थानांचा हा अनुभव इंग्रजांच्या गाठीशी होता, आणि उत्तर नायजेरियात अमीराशेजारी जो इंग्रज अधिकारी बसला त्याचं पदनामही रेसिडेंटच.

रोजचा कारभार असा. गावचा मुख्य प्रत्येक घराकडून कर गोळा करायचा आणि जिल्ह्याच्या प्रमुखाकडे, 'हाकिमी'कडे, द्यायचा. हे हाकिमी पूर्वी राजधानीत राहून कारभारी पाठवत. इंग्रजांनी त्यांना आपापल्या जिल्ह्यात राहायला लावलं. तिथून पैसा अमीराकडे. सुमारे अर्धा इंग्रज सरकारला, उरलेला 'बैतुल-माल' या स्थानिक खजिन्यात. त्यातून अमीर, हाकिमी, अल्काली, पोलीस यांचे ठरलेले पगार. खटले अल्कालीसमोर, कायदा शरियतचा. रेसिडेंट हिशेब तपासायचा आणि अमीराला 'सल्ला' द्यायचा, जो मोडता येत नसे.

मूठभर गोऱ्या अधिकाऱ्यांत एवढा प्रदेश चालला, कारण करवसुलीची शिडी शंभर वर्षं आधीच उभी होती. जांगालीही चालू राहिला, त्याच नावाने. ज्या कराविरुद्ध दान फोदियो उठला होता, तो त्याच्याच वारसांच्या हातून आता इंग्रजांसाठी गोळा होत होता.

बदललं ते असं. अमीराला आता गावाची भीती उरली नाही. पूर्वी फार छळलं तर लोक पळत, प्रतिस्पर्धी शाखा उठे, सोकोतोहून जाब येई. आता सीमा आखलेल्या, पळालं तरी कर तिथेही. बंड झालं तर इंग्रज सैन्य अमीराच्या बाजूने. १९०६ मध्ये सोकोतोजवळच्या सातिरू गावाने उठाव करून इंग्रजांची एक तुकडी कापून काढली. महिन्याभरात गाव जमीनदोस्त झालं, शेकडो नव्हे तर हजारांत माणसं मेली, आणि सोकोतोचा सुलतान त्या वेळी इंग्रजांच्या बाजूने उभा होता. अमीराला गादी राखायची तर रेसिडेंट खूश पाहिजे, एवढंच पुरे झालं. गुलामीबद्दलही तेच: १९०१ च्या ३१ मार्चनंतर जन्मलेली मुलं स्वतंत्र ठरली, पण बड्या घराण्यांना दुखवायचं नाही म्हणून मोठ्यांची पूर्ण सुटका लांबत गेली. कायद्याने शेवटचा पडदा १९३६ मध्ये पडला.

कर नाण्यांत भरायचा होता. १९११ मध्ये कानोपर्यंत रेल्वे पोचली. इंग्रजांना तिथून कापूस हवा होता, शेतकऱ्यांनी भुईमूग लावला, कारण भाव चांगला होता आणि पीक फसलं तर खाताही येत होतं. ही निवड शेतकऱ्यांची होती, आणि पुढे अर्धं शतक कानोची ओळख भुईमुगाच्या पोत्यांचे मनोरे हीच राहिली.

मिशनऱ्यांना मुसलमान अमिरातींत बंदी असल्यामुळे इंग्रजी शाळा दक्षिणेतच वाढल्या. रेल्वे आणि कचेऱ्यांत कारकून दक्षिणेतून आणावे लागले, आणि त्यांच्यासाठी तटाबाहेर 'साबोन गारी', नवं गाव, ही वेगळी वस्ती. १९१४ च्या १ जानेवारीला उत्तर-दक्षिण जोडून एक नायजेरिया झाला तेव्हा हा दुरावा आधीच तयार होता.

जिथे माप बसलं नाही

लुगार्डने १९१४ नंतर तेच माप योरुबांना लावलं. त्यासाठी अमीरासारखा एक मोठा राजा हवा होता, म्हणून ओयोच्या आलाफिनला वर चढवलं गेलं. ज्या इबादानने साठ-सत्तर वर्षं स्वतःच्या बळावर राज्य केलं, ते त्याच्या हाताखाली आलं. आलाफिनला भोपळा पाठवायचा ओयो मेसीचा अधिकार तर मोडलाच होता. आता आलाफिन फक्त रेसिडेंटला उत्तर द्यायचा. इतिहासात कुठल्याही आलाफिनला इतकं मोकळं रान मिळालं नव्हतं, आणि लोक याला 'परंपरा' म्हणायला तयार नव्हते.

१९१६ मध्ये इसेयिन आणि ओकेइहो इथे उठाव झाला. आबेओकुताचं स्वातंत्र्य १९१४ मध्ये संपवलं गेलं, आणि १९१८ मध्ये थेट कर आणि सक्तीची मजुरी आली तेव्हा एग्बा लोकांनी रेल्वेचे रूळ उखडले. हे 'आदुबी युद्ध'. पहिल्या महायुद्धातून नुकतंच परतलेलं सैन्य तिथे पाठवावं लागलं. उत्तरेत वर्षानुवर्षं थेट कर देणारे लोक होते. इथे बाजाराच्या वेशीवरचा जकातनाका माहीत होता, घरोघर डोकी मोजून पैसे मागणं नव्हतं. इबादानला ओयोपासून सोडवायला १९३४ उजाडलं.

आबेओकुताच्या राजाला, 'आलाके'ला, इंग्रज राजवटीत कर गोळा करायचा अधिकार मिळाला, बायकांवरचा वेगळा करही त्यात. १९४७ मध्ये फुन्मिलायो रॅन्सम-कुटी या शिक्षिकेच्या पुढाकाराने बाजारातल्या बायका वाड्यासमोर बसू लागल्या. हजारोंनी. रात्रभर. राजाला उद्देशून गाणी म्हणत. त्यांनी हिशेबाच्या वह्या मागितल्या, कर भरायला नकार दिला, तुरुंगात गेल्या. शेवटी ओगबोनींनीही राजाची साथ सोडली. जुलै १९४८ मध्ये आलाके आदेमोला शहर सोडून गेला आणि जानेवारी १९४९ मध्ये त्याने पद सोडलं. बायकांवरचा कर थांबवला गेला. १९५० मध्ये तो परत आला खरा, पण आता त्याला माहीत होतं की वाड्यासमोर किती माणसं बसू शकतात.

१९६० च्या १ ऑक्टोबरला नायजेरिया स्वतंत्र झाला. राजे राहिले. हटवण्याचा अधिकार रेसिडेंटच्या टेबलावरून उठून निवडून आलेल्या सरकारच्या टेबलावर आला. १९६३ मध्ये उत्तर विभागाच्या सरकारने कानोचे अमीर मुहम्मद सानुसी पहिले यांना पायउतार केलं. २०२० च्या मार्चमध्ये कानो राज्याच्या गव्हर्नरने त्यांच्या नातवाला, सानुसी दुसरे यांना, हटवलं. २०२४ च्या मेमध्ये वेगळ्या पक्षाच्या गव्हर्नरने त्यांना पुन्हा बसवलं, आणि त्यांच्यासाठी ज्यांना हटवलं ते अमीरही आपला हक्क सोडायला तयार झाले नाहीत.